मैनेच्या नाकाला काम देणारी चटई: सोलापूरच्या एका उन्हाळ्यात वापरून पाहिलेल्या चार वस्तू

मार्चच्या सुरुवातीपासून जूनच्या अखेरीपर्यंत आम्ही आमच्या मैना या कुत्रीसाठी चार वस्तू घेतल्या. पहिली टेरी टॉवेलच्या पट्ट्यांपासून शिवलेली, वास घेत खाऊ शोधण्याची चटई, म्हणजे ज्याला दुकानात ‘स्नफल मॅट’ म्हणतात ती. दुसरी आत खाऊ भरता येणारे पोकळ रबरी खेळणे. तिसरी सरकत्या झाकणांची प्लास्टिकची पाटी, जिला दुकानदार ‘पझल’ म्हणतात. आणि चौथी खडबडीत पृष्ठभागाची चाटण्याची चटई. घरात कोंडून राहावे लागणाऱ्या कुत्र्याच्या डोक्याला काम देणे हा चारही वस्तूंचा सांगितला जाणारा उद्देश आहे. तो कोणती वस्तू खरोखर पार पाडते, आणि सोलापूरच्या हवेत व पाण्याच्या टंचाईत ती वापरताना काय अडचणी येतात, हे चार महिन्यांच्या रोजच्या वापरावरून लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते: चौघींपैकी एकच घ्यायची असेल, तर पहिली, खाऊ शोधण्याची चटई घ्यावी.

मैना तीन वर्षांची, सोळा किलो वजनाची गावठी कुत्री आहे. पावसाळ्यात आमच्या बोळाच्या तोंडाशी भिजत बसलेले पिल्लू म्हणून ती घरी आली आणि घरचीच झाली. हिवाळ्यात तिचे काही अडत नाही. सकाळ-संध्याकाळ मनसोक्त फिरते, दुपारी गच्चीवर उन्हात पडते. मार्च उजाडला की मात्र सगळे बदलते. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, आणि सकाळी नऊनंतर डांबरी रस्त्यावर हाताची उलटी बाजू पाच-सात सेकंदही टेकवून ठेवता येत नाही. जिथे आपला हात टिकत नाही तिथे कुत्र्याचे पंजे कसे टिकणार? म्हणून पहाटे साडेपाच ते साडेसहा आणि रात्री नऊनंतर अर्धा-पाऊण तास, एवढेच तिचे फिरणे उरते. मधले चौदा तास ती घरात असते. त्यांतले बरेचसे झोपेत जातात हे खरे. पण जागेपणाचे जे पाच-सहा तास उरतात, त्यांत तिला करण्यासारखे काहीही नसते.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात याचे परिणाम आम्ही पाहिले होते. दाराच्या चौकटीचा खालचा भाग तिने कुरतडून काढला, सासूबाईंच्या दोन चादरी दातांनी ओढून फाडल्या, आणि बोळातून जाणाऱ्या प्रत्येक सायकलवर ती भुंकू लागली. चौकटीचे आणि चादरींचे दुःख फार नव्हते. काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. ती स्वतःचा पुढचा उजवा पंजा सतत चाटू लागली आणि तिथले केस जाऊन कातडी लाल झाली. पशुवैद्यांनी गोचिडी, बुरशी, ॲलर्जी, काटा, सगळे तपासले. अंगात दोष नाही, कुत्री रिकामी बसून कंटाळली आहे, तिला रोज थोडे तरी डोक्याचे काम द्या, असे त्यांनी सांगितले. कंटाळ्याने जनावर स्वतःला जखम करून घेते, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळले, आणि आपण तिला पोटभर जेवण, पंखा आणि माया देऊनही काहीतरी मूलभूत द्यायचे राहिले होते याची खंत वाटली.

डोक्याचे काम म्हणजे कुत्र्याच्या बाबतीत मुख्यतः नाकाचे काम. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतात. कुत्र्याच्या नाकात जातीनुसार त्या दहा कोटींपासून तीस कोटींपर्यंत असल्याचे सांगितले जाते, आणि त्याच्या मेंदूत वासाचा अर्थ लावणारा भागही त्या मानाने मोठा असतो. हुंगताना कुत्रे सेकंदाला पाचएक वेळा श्वास आत-बाहेर करते, आणि बाहेर पडणारा श्वास नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून जात असल्यामुळे समोरून येणारा वास उधळला जात नाही. इतके समर्थ इंद्रिय असलेल्या प्राण्याला दिवसभर फरशी पुसण्याच्या द्रवाचा आणि फोडणीचा तोच तो वास देऊन चार भिंतींत ठेवणे, म्हणजे वाचनाची आवड असलेल्या माणसाला कोऱ्या भिंतीसमोर बसवून ठेवण्यासारखे आहे. २०१९ मध्ये कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने प्रसिद्ध केलेला एक प्रयोग याबाबत बोलका आहे. पाळीव कुत्र्यांच्या एका गटाला दोन आठवडे वासाने खाऊ शोधण्याचा सराव दिला गेला आणि दुसऱ्या गटाला मालकाच्या पायाशी चालण्याचा. त्यानंतर ज्या जागी खाऊ असेल की नसेल हे ठरवता येत नाही अशा जागी भांडे ठेवले, तेव्हा वासाचा सराव केलेली कुत्री त्याच्याकडे आधीपेक्षा लवकर धावली. दुसऱ्या गटात तसा बदल दिसला नाही. संशोधकांच्या मते, काही चांगले घडेल अशी अपेक्षा त्या कुत्र्यांच्या मनात वाढली होती.

आता चटईविषयी. दुकानांत आणि ऑनलाइन मिळणाऱ्या बहुतेक चटया फ्लीसच्या, म्हणजे लोकरीसारख्या दिसणाऱ्या कृत्रिम कापडाच्या असतात. मी घेतलेली चटई अशोक चौकाच्या पुढे, यंत्रमागांच्या वस्तीत राहणाऱ्या एका अक्कांनी घरी शिवून दिली. सोलापुरात टेरी टॉवेलच्या कारखान्यांतून काठ आणि नाकारलेले तुकडे किलोवर विकले जातात. त्या तुकड्यांपासून अक्का पायपुसणी शिवतात, आणि एका ओळखीच्या बाईंच्या कुत्र्यासाठी त्यांनी अशी चटई आधी एकदा केली होती. मी त्यांना मोबाइलवर नमुना दाखवला आणि विचारले, “अक्का, खालून रबराची जाळी लावून द्याल का? फरशीवर सरकते.” त्या म्हणाल्या, “देते की लावून. पण जाळीचे पन्नास वेगळे पडतील बघा.” चार दिवसांत दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद अशी चटई तयार झाली. तिच्या तळाला जुन्या सोलापुरी चादरीचा जाड तुकडा आहे आणि त्यावर दीड-दीड इंच अंतराने टॉवेलच्या पट्ट्यांच्या रांगा दुहेरी टीप मारून बसवल्या आहेत. पट्टी अडीच इंच रुंद आणि सहा इंच लांब असून मधोमध शिवल्यामुळे तिची दोन टोके गवतासारखी वर उभी राहतात. किंमत जाळीसह ७०० रुपये पडली.

वापरण्याची रीत सोपी आहे, पण ती पायरीपायरीने शिकवावी लागते. मी पहिल्या दिवशी खाऊ पट्ट्यांच्या वरच ठेवला, म्हणजे चटई ही खाण्याची जागा आहे एवढे तिला कळावे. तिसऱ्या दिवशी अर्धा खाऊ पट्ट्यांच्या टोकांखाली सरकवला. आठव्या दिवसापासून सगळा खाऊ तळापर्यंत दाबून ठेवू लागले. चटई खाली ठेवताना ‘शोध’ हा एकच शब्द उच्चारायचा, असे ठरवले. आता तो शब्द ऐकला की ती शेपूट हलवत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहते. सुरुवातीला चार मिनिटांत संपणारे काम आता पंधरा मिनिटे चालते. त्या पंधरा मिनिटांत ती कशाकडेही पाहत नाही. बोळात सायकलची घंटी वाजली तर एक कान वळतो, मान वळत नाही. काम संपल्यावर ती चटईच्या कडेने एकदा शेवटची फेरी मारते, पाणी पिते आणि लांब अंग टाकून झोपते. आणि ती झोप, नुसत्या कंटाळ्याने डोळे मिटून पडण्यापेक्षा, पाहणाऱ्याला स्पष्ट वेगळी दिसते.

खाऊ म्हणून काय वापरावे, याचे सर्वांत चांगले उत्तर सोलापूरच्या प्रत्येक घरात आहे. ज्वारीची कडक भाकरी. ती कोरडी असल्यामुळे चटईला चिकटत नाही, तिचे नखाएवढे तुकडे सहज होतात, आणि भाजलेल्या ज्वारीचा वास मैनेला फार आवडतो. बाजारातल्या भाकरीत मीठ असू शकते, म्हणून सासूबाई तिच्यासाठी बिनमिठाची, तीळ न लावता, वेगळी भाकरी थापून तव्यावरून काढल्यावर मंद आचेवर कडक करतात. ‘कुत्रीला कसली चटई’ असे पहिल्या दिवशी म्हणणाऱ्या सासूबाई आता स्वतः तुकडे लपवतात आणि ती कोणता तुकडा आधी काढते ते पाहत खुर्चीवर बसतात. भाकरीबरोबर मी तिच्या नेहमीच्या कोरड्या खाद्याचे दाणे आणि उकडून कोरड्या केलेल्या कोंबडीचे चार-पाच बारीक तुकडे मिसळते. वेगवेगळ्या वासांचे तुकडे असले की शोध अधिक लांबतो. भाकरीला शेंगा चटणी लागलेली असेल तर मात्र ती देऊ नये. तिच्यातील लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना घातक असतो, आणि तिखट-मिठाचाही त्याला त्रासच होतो.

एक चूक मी केली, ती इतरांनी टाळावी. पहिला महिनाभर चटईवरचा खाऊ हा जेवणाव्यतिरिक्त देत राहिले, आणि एप्रिलच्या वजनात मैना सव्वा किलोने वाढलेली निघाली. त्यानंतर दिवसाचे खाद्य सकाळीच मोजून घेऊन त्यातलाच तिसरा हिस्सा चटईवर आणि रबरी खेळण्यात घालू लागले. जूनपर्यंत वजन पूर्ववत झाले.

चटईसंबंधी आणखी एक गोष्ट उन्हाळ्यातच लक्षात आली, आणि ती कोणत्याही दुकानदाराने सांगितली नव्हती. धापा टाकणारे कुत्रे नीट हुंगू शकत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते तोंडाने धापा टाकून शरीर थंड करते. आणि श्वास तोंडावाटे चालला असेल तर तो नाकाच्या आतल्या, वास ओळखणाऱ्या भागापर्यंत पुरेसा जात नाही. दुपारी तीन वाजता, पत्रा तापून घर भट्टीसारखे झाले असताना मी चटई अंथरली, तर मैना दोन तुकडे काढून बाजूला व्हायची आणि मला वाटायचे की तिचा रस संपला. वेळ बदलून सकाळी अकराच्या सुमारास, फरशी गार असतानाच ती अंथरू लागल्यावर रस परत आला. पंखा अगदी चटईच्या वर असू नये, बाजूला असावा, कारण थेट वाऱ्याने वास विखुरतो.

आता दोष. टेरी कापडाला दोन्ही बाजूंनी धाग्यांचे फासे असतात आणि त्यांत नख अडकते. मैना पंज्याने उकरणारी नाही, नाकानेच काम करते, तरीही दुसऱ्या महिन्यात कडेच्या दोन पट्ट्यांचे धागे लांब निघून आले. सुटलेला धागा कुत्र्याने गिळला तर आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते, म्हणून दर आठवड्याला चटई उजेडात धरून असे धागे कात्रीने कापणे मी नेमाने करते आणि खाऊ संपला की चटई उचलून ठेवते. ती खेळायला म्हणून दिवसभर खाली सोडायची वस्तू नाही. माझ्या दिरांचा बत्तीस किलोचा लॅब्रॅडॉर एका रविवारी आला होता. त्याने दोन मिनिटे हुंगले, मग संपूर्ण चटई तोंडात धरून झाडली, सगळा खाऊ जमिनीवर पाडला आणि चाटून घेतला. युक्ती म्हणून ती उत्तमच होती, पण चटईचा हेतू त्यात राहिला नाही. अशा दांडग्या कुत्र्यासाठी चारही कोपऱ्यांना बंद शिवून घेऊन चटई पलंगाच्या पायाला बांधावी लागेल. घरात दोन कुत्री असतील तर दोन चटया आणि दोन खोल्या असाव्यात, कारण शोधून काढलेल्या खाऊवरून एरवी गुण्यागोविंदाने राहणारी कुत्रीही एकमेकांवर गुरगुरतात.

धुण्याचा प्रश्न सोलापुरात विशेष महत्त्वाचा आहे. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते, आणि कोरडे असताना दीड किलो भरणारे चटईचे सुती कापड ओले झाल्यावर चौपट जड वाटते. तिला नीट धुवायला दोन बादल्या पाणी लागते. फ्लीसची चटई यापेक्षा कमी पाण्यात धुऊन होते आणि लवकर वाळते, हे मान्य केले पाहिजे. उन्हाळ्यात सुती चटई गच्चीवर दोन तासांत खडखडीत वाळत असल्यामुळे अडचण आली नाही. मात्र जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर ती दीड दिवस ओलसर राहिली आणि तिला कुबट वास येऊ लागला. यावर उपाय म्हणून ओलसर किंवा तेलकट खाऊ चटईवर घालणे मी पूर्ण बंद केले, रोज ती झटकून उन्हात टाकते, आणि धुणे दहा दिवसांतून एकदाच करते. सुगंधी साबण वापरू नये. दोनदा वापरला तेव्हा मैनेने शिंकत चटईकडे पाठ फिरवली.

दुसरी वस्तू, पोकळ रबरी खेळणे. या प्रकारातील जगभर ओळखले जाणारे खेळणे म्हणजे ‘काँग’. अमेरिकेतील कोलोराडोच्या जो मार्कहॅम यांचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवून घेत असे. फोक्सवॅगन गाडीच्या दुरुस्तीच्या वेळी निघालेला एक रबरी भाग त्याने आवडीने चावायला घेतलेला पाहून मार्कहॅम यांना सत्तरच्या दशकात या खेळण्याची कल्पना सुचली. एकावर एक ठेवलेल्या तीन गोळ्यांसारखा त्याचा आकार वेडावाकडा उसळतो, आणि आतल्या पोकळीत खाऊ भरता येतो. आम्ही तांबड्या रबराचे नेहमीचे काँग घेतले. जबड्याची ताकद जास्त असलेल्या कुत्र्यांसाठी काळ्या, अधिक चिवट रबराचे आणि पिलांसाठी मऊ रबराचे वेगळे मिळते. ज्या दुकानातून घेतले तिथल्या मुलाने मैनेचे वजन विचारून मधला आकार दिला होता. सोळा किलो हे मधल्या आणि मोठ्या आकाराच्या सीमेवरचे वजन आहे. घरी आल्यावर ते खेळणे तिच्या दाढांपर्यंत आत जात असल्याचे दिसले, म्हणून दुसऱ्याच दिवशी वरचे पैसे भरून मोठे घेतले. शंका असेल तेव्हा मोठा आकारच घ्यावा, कारण लहान खेळणे घशात अडकण्याचा धोका असतो. विनानावाचे खेळणे घ्यायचे झाले तर त्याच्या दुसऱ्या टोकाला छोटे छिद्र आहे ना, हेही पाहावे. एकाच तोंडाच्या पोकळ वस्तूत हवा ओढली जाऊन कुत्र्याची जीभ अडकू शकते.

हे खेळणे सोलापूरच्या दुपारीसाठी जणू घडवलेले आहे, कारण ते गोठवता येते. छोटे छिद्र आतून भाकरीच्या तुकड्याने बंद करायचे, बिनमिठाचा मऊ दहीभात, कुस्करलेला उकडलेला लाल भोपळा आणि वर चमचाभर भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट कोमट पाण्यात कालवून भरायचा, आणि रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवायचे. दुपारी दोन वाजता हे गोठलेले खेळणे दिले की मैना ते पुढच्या दोन पंज्यांत धरून पाऊण तास चाटत बसते. चटईसाठी जी वेळ वाईट, तीच या खेळण्यासाठी उत्तम ठरली. शेंगदाण्याला तेल बरेच असते, त्यामुळे चमच्यापेक्षा जास्त घालू नये. बाजारातले पीनट बटर वापरायचे असेल तर डब्यावरची घटकांची यादी अक्षर न अक्षर वाचावी. त्यात झायलिटॉल हा गोडी आणणारा पदार्थ असला तर तो कुत्र्याच्या रक्तातील साखर झपाट्याने खाली आणतो आणि यकृतालाही इजा करतो. मनुका आणि द्राक्षेही घालू नयेत, ती मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. सोलापूर जिल्ह्यात द्राक्षे घरोघरी येत असल्यामुळे हे मुद्दाम सांगत आहे.

या खेळण्याचा त्रास एकच, तो म्हणजे मुंग्या. दहीभाताचा ओघळ फरशीवर पडला की दहा मिनिटांत लाल मुंग्यांची रांग लागते आणि त्या मैनेच्या ओठांना चावतात. आता खेळणे मोठ्या परातीत ठेवून परात पाणी भरलेल्या घमेल्यात ठेवते. धुण्यासाठी बाटली घासण्याचा ब्रश लागतो, आणि खेळणे त्याच संध्याकाळी धुतले नाही तर आत आंबलेला वास बसतो. चार महिन्यांत रबरावर दातांच्या खुणांव्यतिरिक्त काहीही झालेले नाही. हजाराच्या आसपास पडलेली किंमत सुरुवातीला जड वाटली होती. आता वाटत नाही.

तिसऱ्या वस्तूने मात्र निराशा केली. प्लास्टिकच्या पाटीवर नऊ खळगे, त्यांवर सरकती झाकणे, आणि काही झाकणे उघडण्यापूर्वी आधी उचलून काढायच्या चार खुंट्या, अशी तिची रचना होती; किंमत साडेआठशे. मैनेने तिसऱ्या दिवशी संपूर्ण पाटी दीड मिनिटात रिकामी केली. पाचव्या दिवशी तिला कळले की पाटीची एक कड तोंडाने उचलून सोडली की झाकणे आपोआप सरकतात. एखादे कोडे एकदा सुटले की कोडे राहत नाही, आणि ही त्या पाटीची मूळ मर्यादा आहे. चटईत मात्र प्रत्येक तुकड्याची जागा रोज नवी असते, त्यामुळे शोध रोज नवा असतो. शिवाय हिरव्या पाटीवर तांबडी झाकणे होती. कुत्र्यांना निळा आणि पिवळा हे रंग चांगले वेगळे कळतात, तांबडा आणि हिरवा मात्र जवळजवळ सारखेच मळकट दिसतात. म्हणजे ती रंगसंगती विकत घेणाऱ्या माणसासाठी निवडलेली होती. दहाव्या दिवशी एक खुंटी तिच्या दातांखाली तुटली आणि तिचा टोकदार तुकडा मी तिच्या तोंडातून बोटाने बाहेर काढला. त्या दिवशी माझे हात थरथरत होते. दुकानात नेऊन दाखवले तेव्हा वापरलेली वस्तू परत घेत नाही असे उत्तर मिळाले. पाटी आता माळ्यावर आहे. चांगल्या प्रतीच्या, सुटे लहान भाग नसलेल्या आणि अवघडपणाच्या चढत्या पायऱ्या असलेल्या पाट्याही मिळतात, आणि घाईने खाणाऱ्या कुत्र्याला त्या उपयोगी पडतीलही. पण त्यांच्या जवळ माणूस बसलेलाच असावा, या मताची मी आता पक्की आहे.

चाटण्याची चटई ही चौघींतील सर्वांत स्वस्त वस्तू, अडीचशे रुपयांची. सिलिकॉनच्या खडबडीत चौकोनावर दही किंवा भोपळा पसरायचा आणि कुत्र्याला चाटू द्यायचे, एवढेच. डोक्याला तिने फारसे काम मिळत नाही, पण चाटण्याने कुत्रे शांत होते, आणि त्यासाठी ती ठेवण्यासारखी आहे. आंघोळीच्या वेळी ती न्हाणीघराच्या भिंतीला चिकटवते. नखे कापतानाही समोर ठेवते. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते तेव्हा मुरारजी पेठेतल्या आमच्या घरापर्यंत आवाज पोहोचतात आणि मैना पलंगाखाली थरथरत बसते. येत्या गड्ड्याला, म्हणजे याच यात्रेला, खिडक्या बंद करून, पंखा मोठा लावून, तिच्या शेजारी बसून ही चटई वापरून पाहणार आहे. मे महिन्यातील वळवाच्या गडगडाटात तिने दही चाटत जागा सोडली नव्हती, म्हणून आशा वाटते.

या चार वस्तूंमुळे फिरण्याची गरज कमी झाली असे कोणी समजू नये. उलट चटईने मला पहाटेचे फिरणे वेगळ्या नजरेने पाहायला लावले. पूर्वी किल्ल्याच्या कडेच्या रस्त्याने मी तिला घाईघाईने ओढत नेत असे, कारण ठरलेले अंतर चालून झाले पाहिजे असे वाटत होते. आता ती एखाद्या खांबाशी किंवा चिंचेच्या बुंध्याशी थांबली तर मीही थांबते, आणि दोरी सैल सोडते. अंतर निम्मे झाले आहे आणि ती घरी परतल्यावर पूर्वीपेक्षा अधिक निवांत असते. त्याला पैसे लागत नाहीत. तसेच ज्यांना चटई लगेच घेणे शक्य नाही त्यांनी जुना टॉवेल पसरून, त्यात भाकरीचे तुकडे ठेवून, तो सैलसर गुंडाळून द्यावा. किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात चुरगाळलेल्या वर्तमानपत्रांच्या गोळ्यांत खाऊ लपवावा, फक्त खोक्याच्या पिना आणि चिकटपट्टी आधी काढून टाकावी. आम्ही चटई तयार होईपर्यंतचे चार दिवस असेच काढले होते.

पंज्याचे काय झाले, असे माझ्या बहिणीने विचारले. चटई सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात चाटणे कमी झाले, मेच्या मध्यापर्यंत लाल भागावर पुन्हा तांबूस केस आले, आणि पाहुणे येऊन दोन-तीन दिवस चटई अंथरायची राहून गेली तेव्हा चाटणे पुन्हा सुरू झाले. मलम दोन्ही उन्हाळ्यांत तेच होते. चौकटीला या वर्षी नवा ओरखडा नाही. सायकलवर ती अजून भुंकते.

पावसाळ्यासाठी मी अक्कांकडे दुसरी चटई सांगितली आहे. या वेळी पट्ट्या टेरीच्या न ठेवता फासे नसलेल्या जाड विणीच्या सुती कापडाच्या, कडा दुमडून शिवलेल्या, आणि चटई दोन तुकड्यांत बटणपट्टीने जोडलेली असेल, म्हणजे एक तुकडा वाळत असताना दुसरा वापरता येईल. बटणे खालच्या बाजूला, जाळीच्या आत लपतील अशी लावायला सांगितली आहेत. किंमत नऊशे ठरली आहे. अक्का आठवड्याला दोनच चटया शिवतात, कारण पायपुसण्यांच्या मागणीतून त्यांना तेवढाच वेळ मिळतो, त्यामुळे ज्यांना अशी चटई शिवून घ्यायची असेल त्यांनी आपल्या ओळखीच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना माप, दुहेरी टीप आणि खालची जाळी या तीन गोष्टी लिहून द्याव्यात. पंचवीस किलोंच्या वरच्या कुत्र्यासाठी तीन फूट बाय दोन फूट माप लागेल.